रासायनिक प्रवणतेचे संवेदन

रासायनिक प्रवणतेचे संवेदन म्हणजे सभोवतालच्या द्रवात एखादा पदार्थ कोणत्या दिशेस अधिक व कोणत्या दिशेस कमी आहे, हे सजीव पेशीने ओळखणे होय. या ओळखीच्या आधारे पेशी जी हालचाल करते तिला रसायनानुचलन असे म्हणतात. अन्नाकडे सरकणारा जीवाणू, जखमेकडे जाणारी श्वेत रक्तपेशी, अंडपेशीकडे पोहत जाणारी नेच्याची शुक्रपेशी आणि तुरीच्या किंवा सोयाबीनच्या मुळापर्यंत पोहोचणारा मातीतील रायझोबियम ही रसायनानुचलनाची परिचित उदाहरणे होत.

या संवेदनातील मुख्य अडचण अशी की, पेशी अतिशय लहान असते आणि तिच्यावर येऊन आदळणारे रेणू कोणत्याही नियमित क्रमाने येत नाहीत. त्यामुळे परिस्थिती तीच असली तरी पेशीला मिळणारी माहिती क्षणोक्षणी बदलत राहते. माहितीतील या अनियमित चढउतारांना गोंगाट अशी संज्ञा आहे. हा गोंगाट कोणत्याही उपायाने पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. पेशी अनेक मोजमापांची सरासरी काढून, त्यांची परस्परांशी तुलना करून व जुनी माहिती वेळीच सोडून देऊन त्यावर पुरेशी मात करते.

संज्ञा

द्रवाच्या एकक आकारमानात असलेल्या पदार्थाच्या प्रमाणास संहती म्हणतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना संहती ज्या दराने बदलते तो दर म्हणजे संहतीची प्रवणता. ज्या पदार्थाकडे पेशी जाते तो आकर्षक पदार्थ आणि ज्यापासून ती दूर जाते तो प्रतिकर्षक पदार्थ होय. पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट रेणू धरून ठेवणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही असे नाव आहे. रेणू ग्राहीला चिकटतो, काही काळाने सुटतो, पुन्हा दुसरा चिकटतो. पेशीला बाहेरच्या जगाची जी खबर मिळते ती या चिकटण्या-सुटण्यातूनच.

पेशी 'ओळखते', 'आठवते', 'ठरवते' अशी क्रियापदे या विषयात सर्रास वापरली जातात. ती सोयीसाठी आहेत. त्यामागे मन किंवा इच्छा नसून प्रथिनांमधील रासायनिक अभिक्रिया असतात.

गोंगाटाचा उगम

रेणूंच्या आगमनातील अनियमितता एका साध्या उदाहरणाने समजते. पावसाचे पहिले टपोरे थेंब पडू लागले असता अंगणात थोड्या अंतरावर दोन सारख्या पराती ठेवल्या, तर पहिल्या काही क्षणांत एकीत 12 आणि दुसरीत 9 थेंब पडलेले आढळतील. एवढ्यावरून पहिल्या परातीच्या बाजूस पाऊस अधिक आहे असे म्हणता येत नाही, कारण तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. थेंबांची संख्या वाढू दिली की योगायोगाचा वाटा तुलनेने कमी होत जातो. अशा मोजणीत अपेक्षित चढउतार हा संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. 100 थेंबांत सुमारे 10 थेंबांची, म्हणजे 10 टक्क्यांची अनिश्चितता असते; 10,000 थेंबांत ती सुमारे 100, म्हणजे केवळ 1 टक्का उरते.

पेशीची स्थिती त्या परातींसारखीच असते. अचूक माहितीसाठी तिने अधिक वेळ मोजत राहावे हे खरे. परंतु तिला तेवढा वेळ मिळतोच असे नाही.

गोंगाटाचे एकूण चार स्रोत सांगता येतात. पहिला, रेणूंचे पेशीपर्यंत यादृच्छिक विसरण. दुसरा, ग्राहीला रेणू चिकटण्याची व सुटण्याची अनिश्चितता. तिसरा, पेशीच्या आत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांच्या संख्येतील व अवस्थेतील चढउतार. चौथा, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे, म्हणजेच ब्राऊनी गतीमुळे, पेशीची स्वतःचीच दिशा बदलत राहणे.

अभ्यासाचा इतिहास

1880 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी, प्रकाशात ऑक्सिजन सोडणाऱ्या शैवालाभोवती काही जीवाणू गोळा होतात असे दाखविले. त्याच दशकात विल्हेल्म फेफर यांनी बारीक काचनळीत निरनिराळे पदार्थ भरून ती जीवाणूंच्या द्रवात बुडविण्याची पद्धत वापरली. नेच्याच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाकडे आकर्षित होतात हे त्यांनी 1884 मध्ये नोंदविले.

या विषयास आधुनिक रूप दिले ते अमेरिकेतील ज्युलियस अ‍ॅडलर यांनी. एश्चेरिचिया कोलाय (ई. कोलाय) या आतड्यातील जीवाणूवर प्रयोग करून त्यांनी 1969 मध्ये असे सिद्ध केले की, जो पदार्थ जीवाणूला पचविताच येत नाही त्याकडेही तो आकर्षित होऊ शकतो. याचा अर्थ, जीवाणू पदार्थापासून मिळणाऱ्या ऊर्जेचा नव्हे, तर खुद्द पदार्थाचाच वेध घेतो आणि त्यासाठी त्याच्याजवळ खास ग्राही असतात.

1972 मध्ये दोन महत्त्वाचे शोध लागले. हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राऊन यांनी पोहणाऱ्या एकेका जीवाणूचा तिन्ही मितींत पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून त्याच्या मार्गाचे चित्र मिळविले. रॉबर्ट मॅक्नॅब व डॅनियल कोशलंड यांनी जीवाणूंच्या द्रवात आकर्षक पदार्थ झटकन मिसळला. द्रवात सर्वत्र सारखीच संहती असूनही, ती अचानक वाढली एवढ्यानेच जीवाणू प्रवणतेत असल्यासारखे वागले. जीवाणू पुढच्या-मागच्या टोकांची नव्हे, तर आत्ताच्या आणि थोड्या वेळापूर्वीच्या स्थितीची तुलना करतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

मोजमापाची भौतिक मर्यादा

1977 मध्ये हॉवर्ड बर्ग आणि नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी पेशीच्या मोजमापाची अचूकता जास्तीत जास्त किती असू शकेल याचे गणित मांडले. त्यांच्या मते संहतीच्या अंदाजातील सापेक्ष त्रुटी चार राशींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते: रेणूंच्या विसरणाचा गुणांक, पेशीचा आकार, पदार्थाची संहती आणि मोजण्याचा कालावधी. पेशी मोठी, पदार्थ विपुल किंवा वेळ भरपूर असेल, तर त्रुटी घटते.

उदाहरणादाखल, एक मायक्रोमीटर त्रिज्येची पेशी आणि सेकंदास सुमारे 1,000 चौरस मायक्रोमीटर इतका विसरण गुणांक घेऊ. संहती एक मायक्रोमोलर असल्यास दर घन मायक्रोमीटरमध्ये सुमारे 600 रेणू असतात. एका सेकंदाच्या मोजमापात वरील राशींचा गुणाकार सुमारे 6 लाख होतो आणि त्रुटी सुमारे 0.13 टक्के येते. हीच संहती हजारपटीने कमी, म्हणजे एक नॅनोमोलर असेल, तर त्रुटी सुमारे 4 टक्क्यांवर जाते. हे आकडे केवळ अंदाजे आहेत. तथापि दुर्मीळ पदार्थाचा वेध घेणे किती कठीण होत जाते, हे त्यांवरून दिसते.

बर्ग आणि पर्सेल यांनी आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. पृष्ठभागाचा हजारावा भागसुद्धा न व्यापणारे, पण सर्वत्र विखुरलेले काही हजार ग्राही असले, तरी संपूर्ण पृष्ठभाग ग्राहींनी मढविल्यास जेवढे रेणू मिळाले असते त्यांपैकी जवळजवळ निम्मे पेशीला मिळतात. एकदा पेशीजवळ आलेला रेणू दूर जाण्यापूर्वी तिच्यावर अनेकदा आदळतो, हे याचे कारण. म्हणूनच एकाच पेशीवर अनेक प्रकारचे ग्राही सुखाने नांदू शकतात.

जीवाणूंची पद्धत : काळातील तुलना

ई. कोलाय हा जीवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर लांब असतो. एवढ्या अंतरावरील दोन टोकांमधील संहतीचा फरक गोंगाटात सहज बुडून जातो. त्यामुळे तो स्वतः पोहत जाऊन निरनिराळ्या ठिकाणची मोजमापे घेतो. सेकंदास 20 ते 30 मायक्रोमीटर वेगाने तो सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, मग सुमारे एक दशांश सेकंद जागच्या जागी गडगडतो आणि नव्या, बहुतांशी यादृच्छिक दिशेने पुन्हा निघतो. त्याच्या कशाभिका घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात तेव्हा त्यांची जुडी बनून सरळ गती मिळते; काही कशाभिका घड्याळाच्या दिशेने फिरू लागल्या की जुडी विस्कटते व गडगडणे घडते.

जीवाणूला योग्य दिशेकडे वळता येत नाही. परिस्थिती सुधारत असेल तर तो गडगडणे लांबणीवर टाकतो, एवढेच. अनुकूल दिशेतील धावा त्यामुळे लांबतात आणि अनेक धावांच्या बेरजेतून तो अन्नाकडे सरकत जातो.

तुलनेचा कालावधी किती असावा, हा येथे कळीचा प्रश्न आहे. 1986 मध्ये जेफ्री सेगल, स्टीव्हन ब्लॉक व हॉवर्ड बर्ग यांच्या प्रयोगांतून असे आढळले की, जीवाणू गेल्या सुमारे एका सेकंदातील माहितीची तुलना त्याआधीच्या सुमारे तीन सेकंदांतील माहितीशी करतो. त्याची स्मृती एवढीच असते, आणि त्यास कारण आहे. कालावधी फार थोडा असेल तर सरासरी निघत नाही व गोंगाटच हाती लागतो. तो फार लांबला तर दरम्यान ब्राऊनी धक्क्यांनी जीवाणूचे तोंड भलतीकडे फिरलेले असते आणि जुनी माहिती दिशाभूल करते. चार सेकंदांची स्मृती ही या दोन संकटांमधील तडजोड होय.

संदेशाचे वर्धन. ई. कोलायचे हजारो ग्राही बहुधा पेशीच्या टोकाशी दाटीने जाळीसारखे मांडलेले असतात. शेजारचे ग्राही एकमेकांवर प्रभाव टाकतात. त्यामुळे थोड्या ग्राहींना रेणू चिकटले तरी बऱ्याच ग्राहींची अवस्था बदलते. व्हिक्टर सौर्जिक व हॉवर्ड बर्ग यांनी 2002 मध्ये या टप्प्यावरील वर्धन सुमारे 35 पट असल्याचे मोजले. ग्राहींना जोडलेले 'चे-ए' हे विकर 'चे-वाय' या प्रथिनास फॉस्फेट गट देते आणि असे चे-वाय कशाभिकेच्या मोटरला चिकटून गडगडणे घडविते. आकर्षक पदार्थ वाढला की चे-ए मंदावते, फॉस्फेटयुक्त चे-वाय घटते आणि सरळ धाव लांबते.

अनुकूलन. वर्धनामुळे यंत्रणा सहज अतिभारित झाली असती. ते टाळण्यासाठी 'चे-आर' हे विकर ग्राहींवर मिथाइल गट चढविते, तर 'चे-बी' ते उतरविते. त्यामुळे संहती बदलून नव्या पातळीवर स्थिरावली की गडगडण्याचे प्रमाण पूर्ववत होते. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर डोळे जसे सरावतात, तसाच हा प्रकार आहे. परिणामी पेशी एकूण प्रमाणाला नव्हे, तर त्यातील सापेक्ष बदलाला प्रतिसाद देते. नामा बरकाई व स्टॅनिस्लास लायब्लर यांनी 1997 मध्ये असे मांडले की, प्रथिनांच्या संख्येत पेशीगणिक मोठा फरक असला तरी हे अनुकूलन अचूकच राहते; दोन वर्षांनी प्रयोगांनीही त्यास पुष्टी मिळाली.

मोठ्या पेशींची पद्धत : अवकाशातील तुलना

श्वेत रक्तपेशींपैकी न्यूट्रोफिल आणि मातीत राहणारी डिक्टिओस्टेलियम ही अमीबासदृश पेशी सुमारे 10 मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठ्या असतात आणि मिनिटास साधारण 10 मायक्रोमीटर या संथ गतीने सरपटतात. एवढ्या संथ पेशीला पोहत जाऊन तुलना करणे शक्य नसते. पण तिच्या दोन टोकांमधील अंतर पुरेसे असल्याने ती एकाच वेळी दोन्ही बाजूंची माहिती घेते. दोन टोकांमधील संहतीचा फरक केवळ 1 ते 2 टक्के असला तरी या पेशी दिशा ओळखू शकतात.

हे काम किती अवघड आहे, हे पुढील गणितावरून कळेल. समजा, पेशीवर 40,000 ग्राही आहेत. म्हणजे प्रत्येक अर्ध्या भागावर 20,000. त्यांतील निम्म्यांना रेणू चिकटलेले आहेत. टोकाटोकांत 2 टक्के फरक असेल, तर पुढच्या व मागच्या अर्ध्या भागांच्या सरासरी संहतीत 1 टक्का फरक पडतो आणि चिकटलेल्या ग्राहींच्या संख्येत सुमारे 50 चा. पण यादृच्छिकतेमुळे या फरकात होणारा चढउतारच सुमारे 100 इतका असतो. खूण 50 आणि गोंगाट 100! एका क्षणाच्या मोजणीवर विसंबल्यास पेशी वारंवार चुकेल. परस्परांपासून स्वतंत्र अशा 16 मोजण्यांची सरासरी घेतल्यास गोंगाट चौपटीने घटून 25 होतो आणि मग खूण त्याच्या दुप्पट ठरते.

पेशीच्या आत यासाठी कोणती योजना असावी, याविषयी एक मान्यताप्राप्त कल्पना अशी आहे: ग्राहीला रेणू चिकटला की त्याच जागी उत्तेजन निर्माण होते, त्याबरोबरच सर्व पेशीभर पसरणारा निरोधही निर्माण होतो. निरोध ही संपूर्ण पेशीची सरासरी असते. जेथे उत्तेजन सरासरीपेक्षा अधिक तेथे पेशीचा पुढचा भाग बनतो. इतरत्र निरोध वरचढ ठरतो. मग पुढच्या भागातील प्रक्रिया स्वतःला बळकट करते आणि पेशीला काही काळ टिकणारे तोंड येते. हे टिकाऊपण गोंगाटाविरुद्ध उपयोगी पडते, कारण प्रत्येक क्षणिक धक्क्याने पेशी दिशा बदलत नाही.

पेशीच्या आतील गोंगाट

गोंगाट नेहमी अपायकारकच असतो असे नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फिलिप क्लुझेल यांच्या गटाने एकेका जीवाणूच्या मोटरचे दीर्घकाळ निरीक्षण केले. बाहेर काहीही बदल नसताना तिच्या वर्तनात संथ व मोठे चढउतार आढळले. मिथाइल गट चढविण्या-उतरविण्यातील अनियमितता हे त्यांचे कारण मानले जाते. अशा चढउतारांमुळे अधूनमधून लांब धावा घडतात आणि जेथे अन्नाचा मागमूस नाही तेथे नवा प्रदेश धुंडाळण्यास त्या उपयोगी पडू शकतात.

जीवाणू भौतिक मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. 2021 मध्ये हेन्री मॅटिंग्ली, थिएरी एमोने व सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापानुसार मात्र सौम्य प्रवणतेत ई. कोलाय सेकंदास सुमारे एक शतांश बिट इतकीच माहिती मिळवितो. एवढ्या तुटपुंज्या माहितीवरही तो प्रवणता चढून जातो.

भारतातील संशोधन

मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महेश तिरुमकुडुलू, के. व्ही. वेंकटेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रित प्रवणतेत ई. कोलायच्या हालचालींचा अभ्यास केला आहे. आकर्षक पदार्थामुळे केवळ धावांची लांबीच नव्हे, तर पोहण्याचा वेगही बदलू शकतो, हा त्यांच्या कामातील एक महत्त्वाचा निष्कर्ष. कोलकाता येथील सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात सुब्रत देव व शकुंतला चॅटर्जी यांनी 2018 मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे असे दाखविले की, मिथाइल गटांच्या प्रक्रियेतील गोंगाट एका विशिष्ट मध्यम पातळीवर असताना जीवाणूची कामगिरी सर्वोत्तम होते.

शेतजमिनीतील उदाहरण : यवतमाळ जिल्हा

प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रवापेक्षा शेतातील माती हे संवेदनाच्या दृष्टीने कितीतरी अवघड क्षेत्र आहे. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कापसाबरोबर सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा ही पिके घेतली जातात. यांपैकी शेवटची तीन शिंबावर्गीय असून, त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जीवाणू हवेतील नत्र पिकास उपलब्ध करून देतात. ही सहजीवनाची गाठ पडण्यापूर्वी जीवाणूला मूळ सापडावे लागते.

मुळांतून शर्करा, सेंद्रिय आम्ले, अमिनो आम्ले आणि फ्लॅव्होनॉइड ही द्रव्ये मातीत पाझरतात. त्यांपैकी काहींकडे रायझोबियम आकर्षित होतात. सोयाबीनच्या मुळातील जेनिस्टीन व डाइडझीन ही फ्लॅव्होनॉइडे जीवाणूतील गाठी घडविणारी जनुके जागी करतात. त्यानंतर जीवाणू जो रासायनिक संकेत सोडतो त्यास प्रतिसाद म्हणून मूलरोम वाकडा होतो आणि जीवाणू आत शिरतो.

परंतु मातीत ही प्रवणता अखंड नसते. पाझरलेली द्रव्ये चिकणमातीच्या कणांना चिकटतात, इतर सूक्ष्मजीव ती खाऊन टाकतात आणि पाण्याच्या हालचालीने ती वाहून जातात. जीवाणू पोहू शकतो तो कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून. पावसाने ताण दिला आणि जमीन सुकली की हे थर तुटतात व पोहण्याचा मार्गच बंद होतो. उलटपक्षी, शेतात पाणी साचून राहिल्यास मुळांना व गाठींना ऑक्सिजन कमी पडतो. या सर्व कारणांनी जीवाणूचा स्वतःच्या बळावरील प्रवास सहसा मिलिमीटर ते सेंटिमीटर एवढ्यापुरता मर्यादित राहतो.

जीवाणू संवर्धक शेतात नुसते फेकण्याऐवजी बियाण्यास चोळण्याची शिफारस का केली जाते, हे यावरून ध्यानात येईल. बियाण्यावरील जीवाणू अंकुरणाऱ्या मुळाच्या अगदी जवळ, म्हणजे जेथे संहती अधिक व गोंगाट तुलनेने कमी असतो तेथे आपोआप पोहोचलेला असतो. साधारणपणे 10 ते 15 किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणात कालवून हलक्या हाताने चोळतात व बियाणे सावलीत सुकवून लवकर पेरतात. बुरशीनाशकाची प्रक्रिया करावयाची असल्यास ती आधी आणि जीवाणूंची शेवटी करतात. प्रत्येक पिकासाठी त्या पिकाचेच संवर्धक लागते: सोयाबीनचे जीवाणू हरभऱ्यास चालत नाहीत.

पोहण्याचे व दिशा ओळखण्याचे महत्त्व स्पर्धेत विशेष दिसते. लसूणघासाच्या रायझोबियमवर 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, न हलणारे जीवाणू एकटे असताना गाठी बनवू शकत होते. हलणाऱ्या जीवाणूंबरोबर ठेवल्यास मात्र ते मागे पडले. तुरीशी जुळणारे जीवाणू आपल्याकडील जमिनीत पूर्वापार असतात. त्यामुळे बाहेरून दिलेल्या जीवाणूला या स्थानिकांच्या आधी मुळाशी पोहोचावे लागते. सोयाबीन हे तुलनेने नवे पीक असल्याने, ते प्रथमच घेतलेल्या शेतात योग्य जीवाणूंचाच अभाव असू शकतो. संवर्धकाचा उपयोग झाला की नाही हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे झाड हळुवार उपटून मुळावरील गाठ कापणे. आतून ती गुलाबी दिसल्यास कार्यक्षम असते. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा होय.

आरोग्याशी संबंध

शरीरात जीवाणू शिरल्यास त्यांच्या प्रथिनांचे काही तुकडे आणि जखमी ऊतींनी सोडलेले पदार्थ सभोवती पसरतात. न्यूट्रोफिल या प्रवणतेचा माग काढत रक्तवाहिनीतून बाहेर पडून संसर्गाच्या ठिकाणी पोहोचतात. हा माग चुकला किंवा मंदावला तर संसर्ग बळावतो; गरजेपेक्षा अधिक पेशी गोळा झाल्या तर निरोगी ऊतींची हानी होते. गर्भाच्या वाढीत पेशींनी आपापल्या जागी जाणे, चेतातंतूंच्या टोकांनी योग्य दिशा धरणे आणि कर्करोगाच्या पेशींचे शरीरात पसरणे या प्रक्रियांतही रासायनिक प्रवणतेचा वाटा असतो. काही ऊतींमध्ये पेशींचा समूह एकट्या पेशीपेक्षा अधिक सौम्य प्रवणता ओळखू शकतो, कारण समूहाची लांबी अधिक असते आणि अनेक पेशींची मोजमापे एकत्र येऊन गोंगाट घटतो.